स्लॅबचं पाणी

स्लॅबच्या दिवशी घरमालक पहाटेपासून धावपळीत असतो. नारळ फोडायचा, मजुरांच्या जेवणाचं बघायचं, खडी कमी पडणार नाही ना हे विचारायचं, वीज गेली तर व्हायब्रेटरचं काय ते ठरवायचं. या गडबडीत मिक्सरपाशी उभा असलेला माणूस प्रत्येक घाण्यात किती पाणी ओततोय, इकडे त्याचं लक्ष जात नाही. घराचं पुढचं आयुष्य मात्र बरंचसं त्या पाण्यावर ठरतं. सळईचा व्यास, बीमची खोली हे इंजिनिअरचं काम आहे आणि ते त्याच्यावरच सोडावं. पाण्याचा हिशेब मालकाने स्वतः ठेवावा, कारण इंजिनिअर दिवसभर तिथे नसतो आणि घाई सगळ्यांनाच असते.

सिमेंट वाळून घट्ट होतं, असं आपण सहज म्हणतो. तसं होत नाही. दोरीवरचं कापड वाळतं तसं काँक्रीट वाळत नाही. सिमेंटच्या कणांचा पाण्याशी रासायनिक संयोग होतो, त्यातून उष्णता निघते आणि प्रत्येक कणाभोवती अतिसूक्ष्म जाळी वाढायला लागते. शेजारच्या कणांच्या जाळ्या एकमेकींत गुंततात आणि वाळू-खडीला धरून ठेवतात. म्हणूनच काँक्रीट पाण्याखालीसुद्धा घट्ट होतं. पाणी संपलं की जाळीची वाढ तिथेच थांबते.

या संयोगाला सिमेंटच्या वजनाच्या साधारण पाव हिस्सा पाणी लागतं. आणखी थोडं त्या जाळीच्या पोटात अडकून राहतं. दोन्ही मिळून ४० टक्क्यांच्या आसपास, म्हणजे ५० किलोच्या पोत्याला २० लिटर. त्यावरचं पाणी फक्त माल हलावा, सळयांच्या मधून खाली उतरावा म्हणून घालायचं असतं. ते सिमेंटच्या कामाचं नसतं. पुढे ते उडून जातं आणि त्याच्या जागी बारीक नळ्या, पोकळ्या राहतात. डोळ्याला काहीच दिसत नाही. पण पावसाचं पाणी आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड त्याच वाटेने आत शिरतात. चांगल्या काँक्रीटमधल्या अल्कलीमुळे सळईवर एक संरक्षक थर असतो, तो हळूहळू निकामी होतो आणि सळई गंजते. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा मागतो, म्हणून तो काँक्रीटला आतून ढकलतो. वीस-पंचवीस वर्षांच्या घरात छताला तांबूस रेघा दिसतात, एक दिवस प्लॅस्टरसकट खपली खाली पडते आणि उघडी सळई दिसते. त्याचं बीज अनेकदा स्लॅबच्याच दिवशी पडलेलं असतं.

भारतीय मानक आयएस ४५६ : २००० यात याची मर्यादा दिली आहे. सौम्य हवामानात सळईच्या काँक्रीटसाठी पाणी सिमेंटच्या वजनाच्या ०.५५ पटीपेक्षा जास्त नको. पोत्याला हे साडेसत्तावीस लिटर झालं. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत ही मर्यादा ०.४५, म्हणजे पोत्याला साडेबावीस लिटरच. तिथे काँक्रीटही किमान एम ३० दर्जाचं लागतं. त्यामुळे घर मालवणला असेल तर जालन्याचा हिशेब तसाच उचलून चालणार नाही. २५ लिटरच्या जागी ३२ लिटर पडलं, म्हणजे पोत्यामागे जेमतेम अर्धी बादली जास्त, तर ताकद पाव ते एक तृतीयांश घटू शकते. सिमेंट तेवढंच, पैसे तेवढेच.

पाणी वाढतं कारण पातळ माल ओढायला सोपा असतो. दिवसभर घमेली वाहणाऱ्या माणसाला तो दोष देऊ नये. त्याची अडचण खरी आहे. त्यावर उपाय प्लॅस्टिसायझर नावाच्या द्रवाचा आहे. डब्यावर दिलेल्या मापाने तो घातला की जास्तीचं पाणी न घालता माल सैल होतो. खर्च स्लॅबच्या एकूण खर्चाच्या मानाने किरकोळ असतो, आणि ठेकेदाराशी हे आदल्या आठवड्यातच बोलून घ्यावं. स्लॅबच्या सकाळी नवी गोष्ट काढली तर कुणी ऐकत नाही.

पाणी मोजायला पाइप नको, खुणा केलेली बादली हवी. वाळू ओली असेल तर तिच्यातलं पाणीही याच हिशेबात येतं, तेव्हा बादलीतलं तेवढं कमी करायचं. शिवाय दमट वाळू फुगते, कधी कधी पाव हिश्शाहून जास्त. फर्म्याने मोजून घालत असाल तर फर्मा भरलेला दिसतो आणि वाळू प्रत्यक्षात कमी जाते. माल बरोबर आहे का हे पाहायला एक साधी खूण आहे. फावड्यावर घेतला की ढीग ढीगच राहिला पाहिजे, कडेने दुधाळ पाणी ओघळता कामा नये. सेंटरिंगच्या फटींतून तसं पाणी खाली टपकत असेल तर ते नुसतं पाणी नाही, त्याबरोबर तुमचं सिमेंट चाललं आहे. फटी आदल्या दिवशीच पट्टी लावून बंद करायला सांगा.

पाणी कुठलं, हेही पाहावं. बोअरचं पाणी खारट लागत असेल तर तपासून घ्या. सळईच्या काँक्रीटसाठी क्लोराइड लिटरला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही.

संध्याकाळी वरचा थर सारखा करताना पृष्ठभागावर पाणी तरंगायला लागलं की काही गवंडी कोरडं सिमेंट भुरभुरवतात. तेवढ्यापुरतं छान गुळगुळीत दिसतं. हे करू देऊ नका. वरची ती पातळ साय वेगळीच आकसते आणि तिच्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा उठतात. पाणी बसू द्यावं, मग घासावं.

इथपर्यंत पाणी हात आखडून वापरायचं होतं. स्लॅब पडला की हिशेब उलटा होतो. आतली जाळी वाढत राहायला हवी, म्हणून पृष्ठभाग सुकू द्यायचा नाही. यालाच साइटवर पाणी मारणं म्हणतात. ऊन आणि वारा असेल तर पहिल्या काही तासांतच वरच्या भागातलं पाणी उडून भेगा पडतात, म्हणून घासून झाल्याबरोबर प्लॅस्टिकचा कागद अंथरावा. अंगठा दाबून ठसा उमटेनासा झाला की हलका फवारा, आणि दुसऱ्या सकाळी मसाल्याची आळी बांधून दोन इंच पाणी भरायचं.

किती दिवस? साध्या ओपीसी सिमेंटला किमान ७, कोरड्या उष्ण हवेत १०. पण बहुतेक घरांसाठी येणारं पोतं आता पीपीसीचं असतं. त्यात राख मिसळलेली असते, जाळी सावकाश वाढते, म्हणून मानक १४ दिवसांची शिफारस करतं. पोत्यावर प्रकार छापलेला असतो, तो वाचा. उत्पादनाचा आठवडाही तिथेच असतो. तीन महिन्यांहून जुनं पोतं परत पाठवा.

मराठवाड्यात किंवा माणदेशात घर बांधणाऱ्यांनी एक गणित आधी मांडून ठेवावं. १,००० चौरस फुटांचा, पाच इंच जाडीचा स्लॅब घेऊ. बीम सोडून त्यात एम २० चं सुमारे पावणेबारा घनमीटर काँक्रीट बसतं, म्हणजे नव्वदहून थोडी जास्त पोती. मिसळायला अडीच हजार लिटर पाणी. दोन इंचांची आळी भरायला साडेचार हजारांहून जास्त लिटर. मे महिन्याच्या उन्हात उघड्या पाण्याची पातळी रोज सेंटिमीटरभर तरी खाली जाते, म्हणजे रोज ९०० लिटर भर. १४ दिवसांत सगळं मिळून १९ हजार लिटरच्या पुढे, १० हजारांचे जवळजवळ दोन टँकर. लोक या खर्चाची तरतूद करत नाहीत आणि चौथ्या दिवशी आळी कोरडी पडते. माझं प्रामाणिक मत असं आहे की जमत असेल तर स्लॅब डिसेंबर-जानेवारीत टाकावा. विहिरीला पाणी असतं, ऊन मवाळ असतं. मे महिनाच वाट्याला आला तर पाणी भरून ठेवण्याऐवजी दुहेरी गोणपाट भिजवून त्यावर प्लॅस्टिक पसरा. पाणी खूप कमी उडतं, फक्त दिवसातून दोनदा कागद उचलून गोणपाट ओलं आहे ना हे हाताने पाहायचं.

स्लॅब आडवा असतो म्हणून त्याच्यावर निदान पाणी ठरतं. कॉलमचं नशीब वाईट. सकाळी पाइपाने भिजवलेला कॉलम दहा वाजेपर्यंत पांढरा पडतो आणि सगळ्या घराचा भार त्याच्यावरच येणार असतो. सेंटरिंग निघाल्याबरोबर त्याला गोणपाट गुंडाळा, सुतळीने आवळा आणि १४ दिवस ते ओलं ठेवा.

राहिले टेकू. ओपीसी सिमेंट आणि १५ अंशांच्या वर हवा असेल, तर साडेचार मीटरपर्यंतच्या गाळ्याच्या स्लॅबखालचे टेकू किमान ७ दिवस, त्याहून मोठ्या गाळ्याला १४ दिवस ठेवायचे. सहा मीटरपर्यंतच्या बीमखालचे १४ दिवस आणि त्याहून लांब बीमचे २१. पीपीसी असेल तर इंजिनिअरला विचारून हे दिवस वाढवून घ्या. सेंटरिंगवाल्याला प्लेटा पुढच्या साइटवर न्यायच्या असतात, तो घाई करणारच. भाड्याचे चार दिवस जास्त द्यावे लागले तर द्या. काढताना दोन भिंतींमधल्या स्लॅबचे टेकू मधून सुरू करून कडेकडे जायचं. छज्ज्याचं उलट असतं. त्याच्या मोकळ्या टोकापासून सुरुवात करून भिंतीकडे यायचं, आणि भिंतीलगतचा टेकू सगळ्यात शेवटी काढायचा.