मंगळसूत्र नको, मूठ हवी

२२ सप्टेंबर जवळ आला की सातारा-सांगलीकडच्या शाळांमध्ये भाषणांची तयारी सुरू होते. कर्मवीर भाऊराव पाटलांची जयंती. रयत शिक्षण संस्थेत मास्तरकी केल्यामुळे ही भाषणं मी जन्मभर ऐकली आणि आठवीच्या मुलींकडून घोटूनही घेतली. त्यात एक प्रसंग हमखास असतो. साताऱ्याच्या बोर्डिंगातलं धान्य संपलंय, अण्णा, म्हणजे भाऊराव, गावोगाव फिरतीवर आहेत, आणि पोरं उपाशी राहू नयेत म्हणून त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई गळ्यातलं मंगळसूत्र काढून देतात. इथं आवाज कापरा करायचा असतो, हे मुलींना शिकवावं लागत नाही.

लक्ष्मीबाईंचं मोठेपण मी नाकारत नाही. त्यांचे बाकीचे दागिने आधीच बोर्डिंगात जिरले होते. सोवळंओवळं पाळणाऱ्या जैन घरातली ही बाई. तिनं सगळ्या जातींच्या पोरांना पोटच्या लेकरांसारखं वाढलं आणि १९३० साली, संस्थेचा पसारा वाढलेला बघायच्या आतच ती गेली. माझी तक्रार भाषणांबद्दल आहे. मंगळसूत्रापाशी सगळ्यांचे डोळे भरून येतात आणि मुष्टी फंड एका वाक्यात उरकला जातो. वर्गणी मागून काम करणाऱ्या बायकांना खरं शिकण्यासारखं त्या फंडात आहे.

१९१९ साली कऱ्हाड तालुक्यातल्या काले गावी रयत सुरू झाली आणि १९२४ साली साताऱ्याला आली. मोठे देणगीदार थोडे, खाणारी तोंडं मात्र दरवर्षी वाढती. तेव्हा खेड्यातल्या बायांना एवढंच सांगितलं गेलं, की जात्यावर बसताना दळणातली एक मूठ बाजूला काढा. जोंधळा असो, बाजरी असो, घरात जे असेल ते. साठलेलं धान्य बोर्डिंगात जायचं आणि पोरांच्या भाकरी व्हायच्या.

यातली मेख बघा. त्या काळी बाईच्या हातात रुपया नव्हता. शेत नवऱ्याच्या नावावर, बाजार सासऱ्याच्या हातात, दागिना अंगावर असला तरी मालकी सगळ्या घराची. पण जात्यापाशी पहाटे ती एकटी असायची आणि सुपातलं धान्य तिच्या अखत्यारीत होतं. एक मूठ कमी झाली म्हणून कुणी मोजायला बसत नव्हतं. म्हणजे बाई कुणाला न विचारता देऊ शकेल अशी घरातली बहुधा एकच वस्तू या फंडानं मागितली, आणि तीही रोज. मंगळसूत्र एकदाच देता येतं. त्याच्या जोरावर बोर्डिंग महिनाभर चालेल. वर्षानुवर्षं चालायचं तर मूठच लागते.

आमचा गट याच विचारावर उभा आहे. त्याला नाव नाही, पाटी नाही, लेटरहेड नाही. सांगली, मिरज, इस्लामपूर, कऱ्हाड इथल्या चाळीसेक बायका आहोत. निवृत्त शिक्षिका, नर्स, दोन डॉक्टरीणबाई, द्राक्षबागेत मजुरीला जाणाऱ्या तिघी, पोळ्या लाटणाऱ्या एक मावशी. महिन्याला प्रत्येकीचे दोनशे रुपये, आणि डॉक्टरीणबाईंनाही दोनशेच. हा नियम करताना बरीच भवती न भवती झाली. “ज्यांना जमतंय त्यांनी जास्त द्यावं की हो बाई,” असं एकजण म्हणाली. (मी मास्तरीण, त्यामुळे वयानं मोठ्यासुद्धा मला बाईच म्हणतात.) पण जास्त देणारीचं मत जड होतं, हे कुठल्याही वर्गणीत दिसतं. पाच हजार देणारी बोलायला लागली की दोनशेवाली गप्प बसते. सगळ्यांचा आकडा एक असला की मावशींचं मत डॉक्टरीणबाईंइतकंच मोजलं जातं.

अमेरिकेतही याच धर्तीचा एक प्रयोग गाजला. २००६ साली मिशिगन राज्यातल्या जॅक्सन गावात कॅरन डनिगन या बाईंनी शंभर जणींनी शंभर-शंभर डॉलर द्यायचे, अशी कल्पना काढली. तासाभराची बैठक घ्यायची, दोन-तीन स्थानिक कामांची माहिती ऐकायची, मत द्यायचं आणि सगळी रक्कम एकाच कामाला देऊन उठायचं. पहिले पैसे बाळांच्या पाळण्यांसाठी गेले. पुढे ती पद्धत देशोदेशी पसरली. आमच्याकडे शंभर डॉलरची बात नाही. पण सारखी रक्कम, तोंडी माहिती, हात वर करून निर्णय आणि एका वेळी एकच काम, ही शिस्त तीच आहे.

बचत गट आणि भिशी यांच्याशी लोक आमची गल्लत करतात. बचत गटातला पैसा बाईचाच राहतो; तिला त्यावर कर्ज मिळतं, व्याज गटात फिरतं. १९७५ साली स्थापन झालेलं महिला आर्थिक विकास महामंडळ आणि १९९२ पासून नाबार्डनं बँकांशी जोडलेले गट यांमुळे आपल्याकडे ही रीत खोल रुजली. भिशीत तर आज ना उद्या आपला नंबर लागतोच. आमच्याकडे गेलेला पैसा परत येत नाही. तरीही हिशेबाची वही, महिन्याची बैठक, हजेरी, उशीर झाला तर दहा रुपये दंड, हे सगळं आम्ही बचत गटाकडूनच उचललं.

कायद्याचंही सांगते, कारण पहिला प्रश्न तोच येतो. लोकांकडून सार्वजनिक वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते; गणेश मंडळं दरवर्षी कलम ४१ क खाली घेतात तीच. आम्ही पावतीपुस्तक घेऊन दारोदार जात नाही. आपापसातच गोळा करतो आणि नोंदणीकृत संस्थेला देतो. प्राप्तिकराच्या ८० जी कलमाखाली सूट हवी असेल, तर दोन हजारांवरची देणगी रोख देऊन चालत नाही आणि नवी करप्रणाली निवडणाऱ्याला ही सूट मुळातच नाही. आमच्यातल्या बहुतेकींना कर भरायचाच नसतो, म्हणून हा विषय दोन मिनिटांत संपतो.

खरा वेळ जातो तो काय द्यायचं यावर. गट सुरू झाला २०१९ च्या महापुरानंतर. त्या ऑगस्टात सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली. धोक्याची पातळी ४५ फुटांची. पाणी ओसरल्यावर मदतीचा ओघ लागला. मंगल कार्यालयांत जुन्या कपड्यांचे ढीग लागले. उसवलेल्या साड्या, बिनगुंड्यांचे शर्ट, लग्नातला एक कोटसुद्धा. चिखलातून घर उपसणाऱ्या बाईला हवा होता खराटा, शेगडी, मिठा-मसाल्याचा डबा, पाळीसाठी पॅड, पोराची वह्या-पुस्तकं. एका बाईनं माझ्यादेखत कपड्यांचं गाठोडं परत केलं. “ताई, साड्या नकोत, तवा मिळंल का तवा?” ढिगात तवा नव्हता. घरातली अडगळ काढून टाकण्याला दान म्हणायची आपली खोड जुनी आहे, आणि पुरात ती उघडी पडते.

म्हणून आमच्याकडे आधी दोघी-तिघी जाऊन बघून येतात आणि तिथल्या माणसांना विचारतात. गेल्या दिवाळीआधीची बैठक सांगते. एका वहिनींनी मांडलं, की मुलींच्या एका वसतिगृहात साड्या आणि फराळ वाटू. त्या स्वतः पुढाकार घ्यायला तयार होत्या. पोळ्यांच्या मावशी तिथं जाऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “वहिनी, फराळ समदे देत्यात. दिवाळीत त्या पोरींना लाडू खाऊन खाऊन नको झाल्यात. मोरीच्या दाराला कडी न्हाई. एक पोरगी आत गेली की दुसरी दार धरून हुबी ऱ्हाती.” बैठकीत क्षणभर कुणी बोललं नाही. मग हात वर झाले. कड्या, दोन दारं, बाहेरचा एक दिवा आणि तुंबलेल्या गटारीची दुरुस्ती. बिल थेट सुताराला आणि गवंड्याला दिलं. वहिनी थोड्या नाराज होत्या, पण दारं बसवताना उभ्या राहिल्या त्याच.

फोटो आम्ही काढत नाही. चेकची मोठी पाटी धरून उभं राहायला कुणी मिळालंच नसतं असं नाही. पण घेणाऱ्याला त्या फोटोत कसं उभं करायचं, हा प्रश्न सुटत नाही.

सगळंच दोनशे रुपयांत भागतं, असा दावा नाही. मिरजेच्या दवाखान्यांत कर्नाटकापासून रुग्ण येतात. त्यांच्या नातेवाइकांच्या जेवणाचा खर्च आम्ही काही महिने उचलला आणि दमलो. ते काम मोठ्या संस्थेचं आहे. ऑक्टोबरात बीडकडून ऊसतोडीला येणाऱ्या कुटुंबांच्या पोरांचंही तेच. स्वेटर देता येतात. शाळा देता येत नाही.

मोठं काम कसं उभं राहतं ते बघायला म्हसवडला जावं. १९९७ साली चेतना सिन्हा आणि माणदेशातल्या बायकांनी तिथं महिला बँक काढली. पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेनं फेटाळला, कारण प्रवर्तक बायका अंगठेबहाद्दर. त्या लिहायला-वाचायला शिकल्या आणि पुन्हा जाऊन परवाना घेऊन आल्या. पुढे २०१२ च्या दुष्काळात एक बाई जनावरांच्या चाऱ्यासाठी दागिने गहाण टाकायला त्या बँकेत आली, आणि त्यातून चारा छावणीची गोष्ट निघाली. लक्ष्मीबाईंनंतर ऐंशीएक वर्षांनीही आपल्याकडच्या बाईचा शेवटचा आधार गळ्यातच होता. फरक इतकाच, की या वेळी तिनं ते एकटीनं निभावावं असं कुणी म्हटलं नाही.

अलीकडे आमच्यात वाद झाला तो डब्यावरून. पैसे अजून स्टीलच्या डब्यात रोख जमतात. तरुण मुलींचं म्हणणं, फोनवरून पाठवू, हिशेब आपोआप राहील. मलाही पटलं होतं. तेव्हा बागेत कामाला जाणारी एकजण हळूच म्हणाली, “बाई, खातं माझं हाय, पण मेसेज मालकाच्या मोबाईलवर जातो. दोनशे गेलं की लगेच विचारतील, कुठं गेलं?” चौकशी केली तर तशा आणखी निघाल्या. त्यांत एक पगारदार नर्ससुद्धा. मजुरी थेट खात्यात येते, सरकारी योजनांचे पैसे खात्यात येतात, आणि तरी जात्यापाशी बसणाऱ्या आजीला जेवढी मोकळीक होती तेवढी या पैशावर नातीला नाही.

तेव्हा डबा राहणार, असं ठरलं. ज्यांना फोनवरून द्यायचे त्यांनी तसे द्यावेत. वहीत दोन्हींची नोंद एकाच रकान्यात. आणि येत्या सोमवारी तिघी माझ्याबरोबर बँकेत येणार आहेत, आधार कार्ड आणि पासबुक घेऊन. खात्याला स्वतःचा नंबर जोडायचा अर्ज असतो, एका पानाचा. चौथी घरी विचारून सांगते म्हणाली.