लक्षद्वीपच्या जलप्रवासास निघणाऱ्यांसाठी
कोचीहून लक्षद्वीपास जाणाऱ्या जहाजाचा प्रवास ज्यांनी योजिला असेल, त्यांनी सर्वप्रथम प्रवेशपरवान्याची तजवीज करावी. जून ते सप्टेंबर हा खवळलेल्या समुद्राचा काळ मात्र कटाक्षाने टाळावा. ज्यांना बोट लागते, त्यांनी वरच्या मजल्यावरील देखाव्याचा मोह आवरून जहाजाच्या मध्यभागी, शक्य तितक्या खालच्या मजल्यावर खोली मागावी, कारण हेलकावे तेथेच सर्वांत कमी जाणवतात. आणि मळमळीची गोळी, डॉक्टरांना विचारून, जहाज हलण्यापूर्वीच घ्यावी. प्रवाळखडकांनी वेढलेल्या उथळ पाण्यामुळे अनेक बेटांपाशी मोठे जहाज किनाऱ्यास लागत नाही, प्रवाशांस हलत्या होडीत उतरावे लागते. म्हणून सामान हलके ठेवावे आणि वृद्धांसोबत धडधाकट माणूस अवश्य असावा. किनाऱ्यावरील प्रवाळाचा तुकडाही कृपया उचलू नका. प्रवाळास कायद्याचे संरक्षण आहे.