गाडी गियर बदलते का?

गोंडपिपरी गावातून रेल्वे जात नाही. गाडी पाहायची तर बल्लारशाह गाठावे लागते. तेथील शिक्षकांशी गप्पा मारत असताना एका बाईंनी आम्हाला एक प्रसंग सांगितला. शाळेची सहल नागपूरला गेली होती. मुले प्रथमच मेट्रोत बसली. गाडी सुटताना डब्याखालून एक बारीक सूर निघाला. तो चढत गेला, मध्येच एकदम खाली उतरला आणि पुन्हा चढू लागला. एका मुलीने विचारले, “बाई, ही गाडी एसटीसारखी गियर बदलते का?” बाई “हो” म्हणाल्या. परतीच्या वाटेवर मात्र त्यांना चुटपुट लागून राहिली. “मी न कळता उत्तर दिले. आता तिला काय सांगू?” असे त्यांनी आम्हाला विचारले.

या प्रश्नाचे उत्तर शोधायला मेट्रोपर्यंत जाण्याची घाई नको. आधी धानाच्या बांधीला पाणी देणाऱ्या मोटारीपाशी थांबू या.

शेतातली मोटार

‘थ्री फेज आली का?’ हा प्रश्न शेतकऱ्याच्या घरात रोजचा. तीन फेज म्हणजे तीन तारांमधून येणारे प्रत्यावर्ती, म्हणजे एसी, विद्युतप्रवाह. तिघांची वारंवारिता एकच, सेकंदाला 50 आवर्तने. पण ते एकामागून एक सारख्या अंतराने शिखर गाठतात. मोटारीच्या स्थिर भागातील तीन वेटोळ्यांमधून हे प्रवाह गेले, की आत तयार होणारे चुंबकीय क्षेत्र गोल फिरू लागते. जणू कोणी अदृश्य चुंबकच फिरवत आहे! आतल्या फिरत्या भागाला बाहेरून कोणतीही तार जोडलेली नसते. त्यातील तांब्याच्या किंवा ॲल्युमिनियमच्या दांड्यांमध्ये या फिरत्या क्षेत्रामुळे प्रवाह प्रवर्तित होतो आणि तो भाग क्षेत्राच्या मागे ओढला जातो. हीच प्रवर्तन मोटार.

चार ध्रुवांच्या मोटारीत क्षेत्राची एक फेरी दोन आवर्तनांत पुरी होते. म्हणजे सेकंदाला 25, मिनिटाला 1500 फेऱ्या. फिरता भाग किंचित मागे राहतो. मागे राहिला नाही तर त्यात प्रवाहच प्रवर्तित होणार नाही. म्हणून पिठाच्या चक्कीच्या मोटारीवरील पट्टीवर 1440 च्या आसपासचा आकडा सापडतो, दोन ध्रुवांच्या मोटारीवर 2880 च्या आसपासचा. विद्यार्थ्यांना गावातल्या मोटारींवरील असे आकडे वहीत उतरवून आणायला सांगावे. बहुतेक आकडे 3000, 1500 किंवा 1000 च्या किंचित खाली का असतात, हे त्यांना स्वतःच शोधू द्यावे.

ही मोटार दणकट आणि साधी आहे. पण तिचा वेग पुरवठ्याच्या वारंवारितेशी बांधलेला असतो. चक्कीला हे चालते. रेल्वेगाडीला शून्यापासून हळूहळू वेग वाढवावा लागतो. तिला ही मोटार कशी चालावी?

जुन्या लोकलची युक्ती

पूर्वी हा प्रश्न दुसरी मोटार वापरून सोडवला जात असे. 3 फेब्रुवारी 1925 रोजी मुंबईत बोरीबंदर ते कुर्ला अशी विजेवरची पहिली गाडी धावली. तिच्या तारेत 1500 व्होल्टची दिष्ट, म्हणजे डीसी, वीज होती. डीसी मोटार स्थिर असतानाही जोरदार ओढ देते आणि तिचा वेग व्होल्टेज बदलून बदलता येतो. त्यासाठी सुरुवातीला मोटारीच्या वाटेत रोध ठेवत आणि वेग वाढेल तसे ते टप्प्याटप्प्याने काढून घेत. प्रत्येक टप्प्याला खटका वाजे आणि प्रवाशाला बारीकसा धक्का बसे. रोधांमध्ये बरीच वीज नुसती उष्णता होऊन जाई. शिवाय मोटारीतील कार्बनचे ब्रश झिजत, ते वारंवार बदलावे लागत.

गाडीतच वीज घडवायची

मुंबईत 2007 च्या नोव्हेंबरात नव्या पद्धतीची लोकल सुरू झाली. पुढे तारेतील पुरवठाही 25,000 व्होल्ट एसीवर नेण्यात आला. हे काम 2016 मध्ये हार्बर मार्गावर संपले. नागपूरची मेट्रो 2019 च्या मार्चमध्ये सुरू झाली, तीही 25,000 व्होल्टवरच चालते. या गाड्यांमध्ये शेतातल्या मोटारीचीच भावंडे बसवलेली असतात. फरक इतकाच, की त्यांना लागणारी तीन फेजची वीज गाडी स्वतः घडवते.

तारेतील वीज रोहित्रात कमी व्होल्टेजची होते, मग तिची डीसी केली जाते. त्यानंतर इन्व्हर्टर नावाचे यंत्र त्या डीसीचे तुकडे पाडून तीन फेज तयार करते. हे तुकडे पाडणारे स्विच अर्धवाहकाचे असतात आणि सेकंदाला शेकडो वेळा चालू-बंद होतात. रुंद तुकडे म्हणजे जास्त व्होल्टेज, अरुंद तुकडे म्हणजे कमी. रुंदी क्रमाने कमी-जास्त करत नेली, की तुकड्यांच्या सरासरीतून हवी ती लाट उभी राहते. लाटेची वारंवारिता एक-दोन आवर्तनांपासून सुरू करून शंभराच्याही पुढे नेता येते. मोटार तिच्यामागे धावत राहते.

सूर येतो कोठून?

प्रवाह तुकड्यांचा असल्याने मोटारीच्या लोखंडावरील चुंबकीय बलही थरथरते. लोखंड आणि वेटोळी कंप पावतात आणि तो कंप आपल्याला सूर म्हणून ऐकू येतो. स्विच सेकंदाला किती वेळा चालतात, यावर सुराची उंची ठरते.

मग सूर मध्येच उतरतो का? समजा, लाटेच्या एका आवर्तनात 21 तुकडे आहेत. लाटेची वारंवारिता 20 असताना तुकडे सेकंदाला 420, ती 30 झाली की 630. सूर चढला. पण स्विच दर वेळी चालू-बंद होताना थोडा तापतो, म्हणून त्याला मर्यादा घालावी लागते. आता आवर्तनात 15 च तुकडे केले, तर 30 गुणिले 15 म्हणजे 450. सूर एकदम उतरला! वेग वाढतच राहतो आणि सूर पुन्हा चढू लागतो. हे आकडे आम्ही उदाहरणादाखल घेतले आहेत, पण अनेक गाड्यांमध्ये हाच क्रम असतो. मोटार आणि आस यांच्यामध्ये दातेरी चाके असतात खरी, पण त्यांचे गुणोत्तर कायम असते. गाडी गियर बदलत नाही, फक्त तुकड्यांचा हिशेब बदलते.

हे टप्पे कसे निवडायचे, हे बनवणाऱ्याच्या हाती असते. जपानच्या केइक्यू रेल्वेच्या 1998 मधील गाड्यांना सीमेन्स कंपनीचे इन्व्हर्टर होते. त्यांचे टप्पे असे बसवले होते, की गाडी सुटताना सप्तकातले स्वर वाजत. तशी शेवटची गाडी 2021 मध्ये थांबली. नवे स्विच अधिक वेगाने चालतात, त्यामुळे सूर उंच आणि क्षीण होत चालला आहे.

थांबतानाचा सूर

गाडी थांबताना हाच सूर उलट क्रमाने ऐकू येतो. का बरे? चार ध्रुवांची मोटार 1440 फेऱ्यांनी फिरते आहे आणि आपण पुरवठ्याची वारंवारिता 46 केली, असे समजा. आता क्षेत्राच्या फेऱ्या 1380 झाल्या. फिरता भाग क्षेत्राच्या पुढे गेला! मोटारीचा जनित्र झाला. गाडीची गतिज ऊर्जा वीज होऊन तारेत परत जाते आणि ती दुसरी गाडी वापरते. वारंवार थांबणाऱ्या लोकलमध्ये अशी सुमारे 30 टक्के वीज वाचते.

चंद्रपूरकरांसाठी ही बचत दूरची गोष्ट नाही. येथील महाऔष्णिक वीज केंद्राची वीज 1999 पासून सुमारे 750 किलोमीटर लांबीच्या वाहिनीने ठाणे जिल्ह्यातील पडघ्याला जाते. चंद्रपूरला एसीची डीसी करतात आणि पडघ्याला पुन्हा एसी. युक्ती तीच, फक्त आकार प्रचंड. मुंबईकडे विजेची मागणी वाढते, तेव्हा कोळसा इथे जळतो. राख आणि धूर इथेच राहतो. शहरातल्या गाडीने परत दिलेल्या प्रत्येक युनिटामागे कुठल्या तरी केंद्रात थोडा कोळसा कमी जळतो.

पुढच्या सहलीत मोबाइलवर गाडीचा आवाज ध्वनिमुद्रित करावा. शाळेत आल्यावर पेटीवर त्याचे स्वर जुळवून सूर कोठे उतरतो ते टिपावे. आवाज डब्यातून किंवा फलाटावरूनच ऐकावा. 25,000 व्होल्टच्या तारेच्या जवळपासही जाऊ नये.

आणि बाईंनी त्या मुलीला काय सांगावे? आम्ही म्हणालो, “आधी सांगा, की माझे उत्तर चुकले होते. मग तिला शेतातल्या मोटारीपाशी घेऊन जा.”