डिझेल एंजिनाची पुनर्जुळणी की पेट्रोल एंजिनाची योजना?

डिझेलवर चालणारी मोटारगाडी आठ-दहा वर्षांची झाली, चढणीवर तिचा दम पुरेनासा झाला, अथवा शहरातील धुरासंबंधीचे नियम कडक झाले, म्हणजे तिच्या मालकापुढे बहुधा दोन सूचना येतात. आहे त्याच एंजिनाची जुळणी बदलून त्यातून अधिक शक्ती मिळवावी, ही पहिली. गॅरेजच्या भाषेत हिलाच ट्यूनिंग म्हणतात. डिझेल एंजिन काढून त्या जागी पेट्रोल एंजिन बसवावे, ही दुसरी. भारतात हा प्रश्न अलीकडे तीव्र होण्यास दोन कारणे घडली. पेट्रोलचे दर जून 2010 मध्ये व डिझेलचे दर ऑक्टोबर 2014 मध्ये सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले आणि दोहोंच्या किमतींतील पूर्वीचे मोठे अंतर कमी झाले. पुढे एप्रिल 2015 मध्ये राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांना दिल्ली व राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मज्जाव केला. पेट्रोल गाड्यांना मर्यादा पंधरा वर्षांची होती. ऑक्टोबर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे निर्बंध उचलून धरले, व 2025 मध्ये त्यांच्या अंमलबजावणीत काही फेरफारही केले. एंजिन बदलले तर गाडीस पाच वर्षे अधिक मिळतील काय, हा विचार अनेकांच्या मनात आला तो या परिस्थितीतून. गाडी हेच ज्याच्या उपजीविकेचे साधन आहे, त्याला या प्रश्नाचे उत्तर चुकणे परवडणारे नाही.

या दोन उपायांची तुलना करताना सामान्यतः अश्वशक्तीचे आकडे पुढे केले जातात. परंतु एंजिन हा गाडीचा स्वतंत्र असा सुटा भाग नव्हे. गिअरबॉक्स, क्लच, इंधनव्यवस्था, ब्रेक, नियंत्रक संगणक आणि नोंदणीपुस्तक या सर्वांशी त्याचे नाते आधीच ठरलेले असते. ते नाते कितपत मोडावे लागते, यावरच दोन्ही उपायांची योग्यायोग्यता अवलंबून असते.

दोन एंजिनांतील मूलभूत भेद

पेट्रोल एंजिनात हवा व इंधन यांचे मिश्रण दाबले जाते आणि स्पार्क प्लगच्या ठिणगीने ते पेटविले जाते. हे मिश्रण अवेळी पेटू नये म्हणून ते फार दाबता येत नाही. संपीडनाचे गुणोत्तर सामान्यतः 9 ते 11 च्या आसपास ठेवावे लागते. डिझेल एंजिनात केवळ हवाच दाबली जाते. तेथे हे गुणोत्तर 15 ते 22 इतके असते. त्यामुळे हवा इतकी तापते की, तीत इंधनाचा सूक्ष्म फवारा सोडताच ते आपोआप पेट घेते. ठिणगीची गरज उरत नाही. या प्रचंड दाबासाठी ब्लॉक, दट्टे व भुजादंड हे सर्व भाग जाड व जड करावे लागतात.

दुसरा भेद याहूनही महत्त्वाचा आहे. पेट्रोल एंजिनाची शक्ती आत येणाऱ्या हवेस अटकाव करून कमीजास्त केली जाते आणि हवेच्या प्रमाणात इंधन दिले जाते. डिझेल एंजिनात हवेस असा अटकाव सामान्यतः नसतो. शक्ती ठरते ती फवारलेल्या इंधनाच्या मात्रेने. जळणास लागते त्यापेक्षा अधिक हवा सिलिंडरमध्ये शिल्लक असते. म्हणूनच इंधनाची मात्रा किंचित वाढविली की शक्ती तात्काळ वाढते. डिझेलचे ट्यूनिंग सोपे वाटते ते यामुळेच, आणि त्यातील धोकाही येथेच आहे.

आकड्यांचा अर्थ

एकाच गाडीत ही दोन्ही एंजिने आलेली असली म्हणजे तुलना सुकर होते. मारुती स्विफ्ट ही तशी गाडी होय. तिच्या डिझेल आवृत्तीत फियाट कंपनीच्या रचनेचे 1,248 घनसेंटिमीटरचे मल्टिजेट एंजिन होते. हेच एंजिन महाराष्ट्रात पुण्याजवळील रांजणगाव येथेही तयार होत असे व ते फियाट आणि टाटा यांच्या गाड्यांत बसविले जाई. स्विफ्टमध्ये ते 4,000 फेऱ्यांस 75 अश्वशक्ती देई, आणि त्याचा फिरविण्याचा जोर, म्हणजे टॉर्क, 2,000 फेऱ्यांसच 190 न्यूटन-मीटर असे. त्याच गाडीचे 1,197 घनसेंटिमीटरचे पेट्रोल एंजिन 6,000 फेऱ्यांस सुमारे 84 अश्वशक्ती देई, परंतु त्याचा कमाल टॉर्क सुमारे 115 न्यूटन-मीटर इतकाच होता आणि तोही 4,000 फेऱ्यांच्या आसपास.

अश्वशक्तीचाच आकडा पाहिला तर पेट्रोल एंजिन सरस ठरते. परंतु शक्ती ही टॉर्क आणि फेऱ्या यांच्या गुणाकाराने मिळते. 2,000 फेऱ्यांस डिझेल एंजिन सुमारे 40 किलोवॉट देते. पेट्रोल एंजिनाने आपला कमाल टॉर्क त्याच फेऱ्यांस दिला असे क्षणभर गृहीत धरले, तरी त्याची शक्ती 24 किलोवॉटपलीकडे जात नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी पेट्रोल एंजिनास अधिक वेगाने फिरावे लागते, आणि त्यासाठी गिअरची प्रमाणे निराळी असावी लागतात. डिझेलच्या गिअरबॉक्सला पेट्रोल एंजिन जोडले, तर ते आपल्या सोयीच्या फेऱ्यांपर्यंत पोहोचतच नाही. कागदावर नऊ अश्वशक्ती वाढलेली गाडी घाटात पूर्वीपेक्षा मंद चालते, ती यामुळे.

ट्यूनिंगने काय साधते

टर्बो असलेल्या आधुनिक डिझेल एंजिनात इंधनाची मात्रा, फवाऱ्याची वेळ व टर्बोचा दाब या तिन्ही गोष्टी नियंत्रक संगणक ठरवितो. त्यातील कोष्टके बदलली की एकही पाना न लावता शक्ती वाढते. कारखानदाराने उष्ण हवामान, हलक्या प्रतीचे इंधन व निष्काळजी देखभाल यांचा विचार करून जी राखीव क्षमता ठेवलेली असते, तीच येथे खर्ची पडते. टर्बो नसलेल्या जुन्या एंजिनात ही सोय नाही. तेथे इंधन वाढविले तर शक्तीपेक्षा धूरच अधिक वाढतो.

राखीव क्षमता किती, याचा अंदाज कारखानदाराच्याच वर्तनावरून घेता येतो. वर उल्लेखिलेले मल्टिजेट एंजिन 90 अश्वशक्तीच्या आवृत्तीतही मिळत असे. टाटांची मांझा व मारुतीची अर्टिगा या गाड्यांत ते होते. परंतु ही पंधरा अश्वशक्ती मिळविण्यासाठी कारखानदाराने केवळ कोष्टके बदलली नाहीत, तर पात्यांचा कोन बदलू शकणारा निराळा टर्बो बसविला. तेवढीच वाढ जुन्या टर्बोवर केवळ संगणकातून मिळवावयाची, तर तिची किंमत कोठेतरी द्यावी लागणारच. इंधन वाढले व हवा अपुरी पडली म्हणजे काजळी होते, निष्कासित वायूंचे तापमान चढते, दट्ट्याचा माथा व टर्बो यांना झळ लागते. 190 न्यूटन-मीटरसाठी बनविलेला क्लच वाढीव टॉर्कखाली घसरू लागतो.

धुराचा प्रश्न स्वतंत्र आहे. फवारा लवकर सोडला तर ज्वलन अधिक तप्त होते, इंधनाचा उपयोग चांगला होतो, पण नायट्रोजनची ऑक्साइडे वाढतात. उशिरा सोडला तर ती कमी होतात आणि काजळी वाढते. या ओढाताणीतून कायद्यास मान्य होईल असा मध्य कारखानदार काढतो, व ट्यूनिंग करणारा तो मध्य हलवितो. हा परिणाम किती मोठा असू शकतो, हे सप्टेंबर 2015 मध्ये उघड झालेल्या फोक्सवॅगन प्रकरणाने दाखविले. चाचणीच्या वेळी एक व रस्त्यावर दुसरी अशी जुळणी संगणकात ठेवल्यामुळे, नायट्रोजनच्या ऑक्साइडांचे प्रमाण मर्यादेच्या 40 पटींपर्यंत जात असल्याचे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने जाहीर केले. एंजिन तेच होते. फरक केवळ आज्ञावलीचा होता.

येथे एक व्यावहारिक सूचना करणे अगत्याचे आहे. जुन्या गाडीची शक्ती कमी झाली असेल, तर ती वाढविण्याआधी गमावलेली परत मिळविणे हा पहिला उपाय होय. तुंबलेली हवेची गाळणी, इंटरकूलरची फाटलेली नळी, झिजलेले इंजेक्टर, काजळीने अडकलेली टर्बोची पाती अथवा वायू परत फिरविणारी झडप, यांपैकी एखाद्या दोषाने एंजिनाचा जोम बराच घटतो. दोष तसाच ठेवून केलेले ट्यूनिंग म्हणजे आजारी बैलास चाबूक मारण्यासारखे आहे.

एंजिनबदलात काय काय बदलते

पेट्रोल एंजिन बसवावयाचे म्हटले की कामाची यादी एंजिनापाशी थांबत नाही. त्याचे आधार निराळ्या जागी असतात. गिअरबॉक्स व शेवटचे गिअरप्रमाण बदलावे लागते. डिझेलची टाकी, नळ्या व पंप काढून पेट्रोलसाठी योग्य असे बसवावे लागतात. नियंत्रक संगणक, वायरिंग व चोरीप्रतिबंधक कुलूप ही एकमेकांस ओळखणारी असल्यामुळे सर्वच बदलावी लागतात. निष्कासनळीत पेट्रोलसाठीचा उत्प्रेरक परिवर्तक व ऑक्सिजनमापक लागतो.

काही बाबी तर अनुभवी कारागिराच्याही नजरेतून सुटण्याजोग्या असतात. ब्रेकला साहाय्य करणारी निर्वात पोकळी पेट्रोल एंजिनात हवेच्या नळीतून मिळते. डिझेल एंजिनात तिच्यासाठी स्वतंत्र पंप असतो, कारण तेथे हवेस अटकाव नसल्याने पोकळी निर्माण होत नाही. एंजिन बदलताना ही जोडणी नीट झाली नाही, तर ब्रेक दाबण्यास पायाचा फार जोर लागतो व गाडी वेळेवर थांबत नाही. डिझेल एंजिनाच्या वजनासाठी दिलेल्या पुढच्या स्प्रिंगा हलक्या एंजिनाखाली गाडीचे तोंड वर उचलतात.

इंधनाचा हिशेबही विसरून चालत नाही. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे 36 मेगाज्यूल ऊर्जा असते, तर एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे 32. शिवाय डिझेल एंजिन त्या ऊर्जेचा उपयोग अधिक कार्यक्षमतेने करते. म्हणजे तेवढ्याच प्रवासास पेट्रोल अधिक लिटर लागणार, हे निश्चित. वर्षाकाठी थोडेच अंतर चालणाऱ्या गाडीस त्याचे फारसे ओझे होत नाही. भाड्याने चालणाऱ्या गाडीस मात्र ते दररोज जाणवते.

ओल्डस्मोबिलचा दाखला

मग हा बदल कधीच शहाणपणाचा ठरत नाही काय? ठरतो, आणि त्याचे उत्तम उदाहरण अमेरिकेत सापडते. जनरल मोटर्सच्या ओल्डस्मोबिल विभागाने 1978 सालच्या गाड्यांत 5.7 लिटरचे आठ सिलिंडरांचे डिझेल एंजिन आणले. ते कंपनीच्या पेट्रोल एंजिनाच्या मापांवर रचलेले होते. ब्लॉक जाड केला गेला, संपीडनाचे गुणोत्तर 22.5 ठेवले गेले; पण सिलिंडरांचे हेड आवळणाऱ्या बोल्टांची मांडणी मात्र पेट्रोल एंजिनाचीच राहिली. अधिक दाबाखाली बोल्ट ताणले जात व गॅस्केटे फुटत. इंधनातील पाणी वेगळे करणारी व्यवस्था नसल्यामुळे पंप व इंजेक्टर गंजत. 1985 नंतर हे एंजिन बंद झाले. अनेक मालकांनी ते काढून त्या जागी त्याच कंपनीचे पेट्रोल एंजिन बसविले, आणि मापे व आधार समान असल्याने ते सहज बसलेही.

तेथे दोन अटी एकत्र आल्या होत्या. मूळ डिझेल एंजिनातच रचनेचा दोष होता, जो कोणत्याही जुळणीने जाणारा नव्हता. आणि पेट्रोल एंजिनाचे गाडीशी असलेले नाते आधीच तयार होते. मल्टिजेटसारख्या एंजिनाच्या बाबतीत पहिली अट पुरी होत नाही. गाडीच्या पेट्रोल आवृत्तीचे सर्व भाग एका अपघातग्रस्त गाडीतून मिळाले, तर दुसरी अट बऱ्याच अंशी पुरी होऊ शकते. पण तेव्हाही कायद्याचा प्रश्न उरतोच.

कायद्याची बाजू

मोटार वाहन अधिनियम, 1988 च्या कलम 52 प्रमाणे, नोंदणीपुस्तकातील तपशील उत्पादकाने मूळ दिलेल्या तपशिलाहून भिन्न होईल असा फेरफार मालकास करता येत नाही. निराळ्या इंधनावर चालविण्यासाठी मान्यताप्राप्त संच बसविण्याची मुभा त्यात आहे, परंतु विहित अटींवर. एंजिनबदलासंबंधी त्या कलमात जी सवलत आहे, ती त्याच उत्पादकाच्या व त्याच प्रकारच्या एंजिनाच्या संदर्भात आहे; डिझेलच्या जागी पेट्रोल हा प्रकार तीत सहजी बसत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळातील एका प्रकरणात मूळ तपशिलाशी विसंगत फेरफारांविरुद्धची भूमिका स्पष्ट केली. म्हणून दिल्लीची वयोमर्यादा टाळण्यासाठी एंजिन बदलण्याची कल्पना आकर्षक असली, तरी नोंदणी कार्यालयाची पूर्वसंमती नसेल तर ती व्यर्थ ठरते. नोंदणीपुस्तकात इंधन डिझेल असेच राहिले, तर गाडीत काय बसविले आहे याने वयोमर्यादा बदलत नाही. उलट अपघातानंतर विम्याच्या दाव्यास बाध येण्याचा संभव मात्र वाढतो.

समारोप

एवंच, या प्रश्नाचा निर्णय तीन प्रश्नांच्या उत्तरांवर सोपवावा. गाडीत उणीव आहे ती एंजिनाच्या प्रकृतीची की त्याच्या मूळ क्षमतेची? प्रकृतीची असेल, तर दुरुस्ती हाच उपाय. क्षमतेची असेल, आणि एंजिन निरोगी व टर्बोयुक्त असेल, तर धूर व उष्णता यांची मर्यादा पाळून केलेली माफक जुळणी पुरेशी ठरते. नव्या एंजिनासह गिअरबॉक्सपासून ब्रेकपर्यंतचे सर्व भाग मिळण्याजोगे आहेत काय? नसतील, तर बदल हाती न घेणेच श्रेयस्कर. आणि नोंदणी कार्यालयाची लेखी संमती मिळते काय? न मिळाल्यास अडथळा यंत्राचा नसून नियमाचा आहे, आणि तो यंत्रशाळेत दूर होत नाही. अशा प्रसंगी डिझेल गाडी विकून पेट्रोलची गाडी घेणे हा तिसरा, फारसा न चर्चिला जाणारा मार्गच बहुधा सर्वांत स्वस्त पडतो. कारण त्या गाडीत एंजिन आणि इतर सर्व भाग यांचे नाते कारखान्यातच जुळलेले असते, आणि ते नाते नव्याने जुळविण्याचा खर्च एंजिनाच्या किमतीत कधीच दिसत नाही.