शेतीकामांतील अपघात : सरकारी अनुदानाचा अर्ज व अपील

मळणीयंत्रांत हात सांपडणें, मोटार चालू करतांना विजेचा धक्का बसणें, सर्पदंश होणें हे प्रकार शेतकरी बंधूंस अपरिचित नाहींत. कर्त्या माणसाचा हात गेला म्हणजे जमीन वाट्यानें द्यावी लागते व औषधपाण्याच्या खर्चानें घर कर्जांत बुडतें. अशा प्रसंगीं गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेखालीं महाराष्ट्र सरकारकडून साहाय्य मिळतें.

पूर्वीं हें साहाय्य विमा कंपनीमार्फत मिळे. २०२३ सालापासून सरकार तें स्वतः देतें. १० ते ७५ वर्षे वयाचा खातेदार, तसाच त्याच्या कुटुंबांतील खातेदार नसलेला एक इसम यास पात्र आहे. एक हात, पाय किंवा डोळा निकामी झाल्यास १ लाख रुपये आणि दोन अवयव अथवा दोन्ही डोळे गेल्यास २ लाख रुपये मिळतात. मृत्यु आल्यास वारसांस २ लाख रुपये मिळतात. नशेंत असतां झालेला अपघात व पूर्वींचें अपंगत्व यांस अनुदान नाहीं.

अर्ज तालुका कृषि अधिकाऱ्याकडे ३० दिवसांचे आंत करावयाचा असतो. त्यास सातबाराचा उतारा, वयाचा दाखला, पोलिसांचा अहवाल, स्थळाचा पंचनामा व अपंगत्वाचा दाखला जोडावा लागतो. यांपैकीं पंचनामा मागाहून नीट होत नाहीं; म्हणून जखमीस दवाखान्यांत पोंचवितांच घरांतील दुसऱ्यानें पोलीस पाटलास वर्दी द्यावी. दवाखान्याच्या कागदांवर दुखापतीचें कारण, तारीख व नांव हीं पंचनाम्याशीं जुळतात कीं नाहीं तेंही पाहावें. अपंगत्वाच्या दाखल्यास विलंब लागत असल्यास वाट पाहत बसूं नये. अर्ज मुदतींत देऊन त्याची पोंच घ्यावी व दाखला मागाहून सादर करावा.

अर्जाचा निर्णय तहसीलदारांच्या अध्यक्षतेखालील समिति करते. तो नामंजूर झाल्यास कारण लेखी मागून घ्यावें, कारण अपील कोठें करावयाचें हें त्यावरूनच ठरतें. कागद किंवा पात्रता यांविषयीं हरकत असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे अपील करावें. अपंगत्वाचा दाखलाच नाकारला असेल किंवा त्यांतील प्रमाण कमी लिहिलें असेल, तर वाट निराळी आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणें राज्य सरकारनें नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ९० दिवसांचे आंत, त्या दाखल्याची अगर नकाराच्या पत्राची नक्कल जोडून, अपील करतां येतें. अपिलांत आपल्या हलाखीचें वर्णन थोडें व नाकारण्याच्या कारणास कागदानिशीं उत्तर पुरें असावें.

अंथरुणास खिळलेल्या माणसाकडून ही धांवपळ होत नाहीं, आणि घरांतील माणसें त्याच्या उशाशीं असतात. ज्यांस लिहितां-वाचतां येतें अशा शेजाऱ्यांनीं पहिल्या आठवड्यांतच पुढें होऊन हे कागद मिळवून द्यावेत.