घरी घ्यायची केमोथेरपी

कॅपेसिटाबिन हे आतड्याच्या आणि स्तनाच्या कर्करोगावरचे गोळीरूप औषध. शरीरात त्याचे रूपांतर ५-फ्लुरोयुरॅसिलमध्ये होते, म्हणजे शिरेतून दिल्या जाणाऱ्या जुन्या जहाल औषधातच. गोळी आहे म्हणून ते सौम्य समजणे धोक्याचे.

सहसा १४ दिवस सकाळ-संध्याकाळ, जेवणानंतर ३० मिनिटांच्या आत गोळ्या पाण्याबरोबर घेतात. पुढचे ७ दिवस विश्रांती. मात्रा उंची-वजनावरून ठरते. त्यामुळे एका वेळी १५० आणि ५०० मिलिग्रॅमच्या मिळून तीन-चार गोळ्या होतात आणि मोजताना गफलत होते. वेळापत्रक कागदावर लिहून पाकिटाजवळ ठेवणे उत्तम. गोळी चुकली तर पुढच्या वेळी दुप्पट घेऊ नये. कुटू किंवा तोडू तर नयेच, कारण भुकटी घरातल्यांच्या श्वासात जाते. गोळ्या काढून देणाऱ्याने हातमोजे घालावेत. गर्भवतीने त्यांना हात लावू नये.

वॉरफरिन, फेनिटॉइन किंवा फॉलिक ॲसिड चालू असल्यास डॉक्टरांना आधीच सांगावे. तळहात-तळपाय लाल होऊन दुखणे, तोंड येणे, दिवसात नेहमीपेक्षा चार किंवा अधिक वेळा जास्त शौचाला होणे, ताप येणे, यांपैकी काहीही दिसले तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करावा.