दूरची वही आणि जवळची कळ

व्यापाऱ्याची अब्रू त्याच्या वहीत असते. वही कागदाची असो वा संगणकातील, जमेची रक्कम नावे पडली तर दोष पेढीचाच. आपल्या अनेक सभासद बंधूंच्या पेढ्यांवर हिशेबाचे जुने प्रोग्राम अद्याप चालू आहेत, आणि मुले-नातू परगावी बसून दूरच्या जोडणीने त्यांत नोंदी करितात. ही सोय उत्तम खरी. परंतु तिच्यातील एक फसगत आम्ही स्वतः अनुभवली, ती येथे नमूद करणे आम्ही कर्तव्य समजतो.

आमच्या प्रोग्रामात एफ ५ ही कळ ‘नावे’ची व एफ ६ ही ‘जमे’ची. एके दिवशी नातवाने नागपुराहून परसवाड्याच्या पेढीची वही उघडली. चिन्नोर पिकविणाऱ्या एका शेतकऱ्याने ३०,००० रुपयांच्या उचलीपैकी १२,००० परत केले होते. नातवाने एफ ६ दाबली. पण त्याच्या लॅपटॉपवर त्या कळेने केवळ पडद्याचा उजेड वाढला. ‘नावे’चेच पान उघडे राहिले व रक्कम तेथेच पडली. येणे १८,००० असावयाचे, ते ४२,००० झाले. शेतकऱ्याने पावती जपून ठेविली होती म्हणून चूक उमगली. आम्ही खाते दुरुस्त केले व त्याची क्षमा मागितली. पावती नसती तर?

याचे कारण समजून घ्यावे. कळेवर छापलेले अक्षर संगणकाकडे जात नाही. जातो तो एक सांकेतिक अंक. जवळचे यंत्र त्यातील काही स्वतःच गिळते व उरलेले दूर पाठविते. तेथील प्रोग्राम आपल्या कोष्टकाप्रमाणे अर्थ लावितो. ही अडचण जुनीच आहे. १९७८ साली निघालेल्या व्हीटी-१०० टर्मिनलावर पीएफ १ ते पीएफ ४ अशा चारच विशेष कळा होत्या. मागील अक्षर खोडण्यासाठी काही यंत्रे ८ हा अंक पाठवीत, तर काही १२७. तशा यंत्रासाठी लिहिलेला प्रोग्राम आज चालविताना कोणती कळ कोणाच्या जागी, हे ठरवून द्यावेच लागते. देवनागरीतही इनस्क्रिप्ट व रेमिंग्टन या मांडण्यांत एकाच कळेची अक्षरे भिन्न आहेत. दोन्ही टोकांस मांडणी एकच ठेवावी.

विंडोजच्या ‘रिमोट डेस्कटॉप’मध्ये जोडणीपूर्वीच, कळफलकाच्या सदरात, ऑल्ट-टॅबसारख्या जोडकळा दूरच्या संगणकास लागू कराव्यात. कंट्रोल-ऑल्ट-डिलीट मात्र जवळच्याच यंत्रास लागते. दूरच्यासाठी कंट्रोल-ऑल्ट-एंड दाबावे. लॅपटॉपवर एफ-कळ उजेड वा आवाज बदलीत असेल, तर तिच्यासह ‘एफएन’ कळ दाबून पाहावी.

नवीन यंत्र घेताच एका परीक्षा-खात्यात प्रत्येक कळ तपासावी व तिचे काम कागदावर लिहून समोर लावावे. आणि रक्कम लिहिण्यापूर्वी पानाचे शीर्षक अवश्य वाचावे. सत्य व अस्तेय ही व्रते आपण मंदिरात उच्चारतो. त्यांची परीक्षा पेढीवर, दुसऱ्याच्या खात्यात होते.